डाव्या पानावर लिहा, उजवं कोरं ठेवा

घरात-गावात दिसलं-ऐकलं ते टिपायला वही घ्यायची ती दोनशे पानी, एकेरी रेघांची, जाड पुठ्ठ्याची. डायरी नको. डायरीत प्रत्येक तारखेला छापील पान असतं. चार दिवस लिहायचं राहिलं की ती कोरी पानं बघून हुरूप जातो आणि फेब्रुवारीत डायरी किराण्याच्या यादीच्या कामी येते. वहीचं तसं नाही. आज तीन ओळी लिहिल्या, खाली रेघ मारली, परवा त्याच पानावर पुढे सुरू.

ही हिशेबाची वही नव्हे आणि मनातलं उतरवायची रोजनिशीही नव्हे. घरात, गावात, पेपरात, टीव्हीवर जे दिसलं-ऐकलं त्यातलं पुढे कधीतरी ताडून बघावंसं वाटेल तेवढंच हिच्यात जातं. मी सांगलीत राहते. घरात सासूबाई, हे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी, आणि चौघंही वहीत लिहितो. म्हणून ती कपाटात नसते, फ्रिजवर असते. पेन सुतळीने वहीलाच बांधून ठेवा. ‘थांब, पेन आणते’ म्हणून उठलं की नोंद राहिलीच म्हणून समजा.

मांडणी सोपी आहे. डावं पान लिहायला, उजवं कोरं. डाव्या पानावर तारीख, वेळ, काय दिसलं, आकडा असेल तर तो फूट की मीटर, किलो की लिटर यासकट, आणि कुठून कळलं. स्वतः पाहिलं तर ‘पा’, पेपरात वाचलं तर ‘पे’, फोनवर आलं तर ‘फो’, एवढी खूण पुरते. त्या गोष्टीचं पुढे काय झालं ते उजव्या पानावर, जेव्हा कळेल तेव्हा. कागद वाया जातोय असं पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटतं. सासूबाईंना तर फारच वाटलं. पण उजवी पानं मोडू नका. वर्षाने वही उघडली की आधी तीच वाचली जातात.

मत लिहायचंच असेल तर वेगळ्या ओळीवर. ‘रस्त्याची पार वाट लागलीय’ हे मत झालं. ‘दवाखान्यासमोर हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, १२ जुलै, पा’ ही नोंद झाली. खड्डा बुजला की वाढला हे पंधरा दिवसांनी दुसऱ्या ओळीवरूनच सांगता येतं.

आता काय टिपायचं. प्रत्येक गावाची एक मुख्य बातमी असते, तिच्यापासून सुरुवात करा. कुठे ती कांद्याचा भाव असेल, कुठे लोकल, कुठे टँकर. आमची नदी आहे. जुलै-ऑगस्टात सांगलीच्या घराघरांत सकाळचा पहिला प्रश्न एकच, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हे आकडे इथे पोरांनाही पाठ असतात. पण आयर्विनला अमुक फूट असताना माझ्या दारात काय असतं, हे कुठल्याच बातमीत येत नाही. ते आपणच लिहायचं. माझ्या वहीत एक पान आहे: ४१ फूट, मागच्या रस्त्याच्या गटारीतून पाणी उलटं यायला लागलं. ४३ फूट, पिठाच्या गिरणीची पहिली पायरी बुडाली. ४४ फूट, गिरणीवाल्याने मोटर काढून वर नेली. या तीन ओळींमुळे आमच्या घरात आता पातळी ऐकून धावपळ होत नाही. ४० म्हटलं की खालच्या कपाटातले कागद वर, ४२ म्हटलं की गाडी माझ्या दिराकडे विश्रामबागेत. नदीकाठी राहत असाल तर हे पान आधी करा, बाकीची वही नंतर.

त्याच वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दोन आकडे कायमचे लिहून ठेवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. आणि साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की जवळपास एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट होतं. नेमका आकडा ११,५७४, पण घरच्या हिशेबाला साडेअकरा हजार चालतो. हे दोन हाताशी असले की बातमी आपली आपल्याला वाचता येते. समजा, कोयना धरणात १०० टीएमसी साठा आहे आणि आवक ४० हजार क्युसेक. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. चाळीस हजाराला साडेअकरा हजाराने भागलं की दिवसाला साडेतीन टीएमसी येतंय. जागा उरलीय सव्वापाच टीएमसी. म्हणजे आवक अशीच राहिली तर दीड दिवसात धरण भरणार, आणि त्याच्या आधीच दरवाजे उचलले जाणार. ‘पाणी सोडलं, पळा’ असा निरोप फोनवर यायच्या आधी हे आपल्याला कळलेलं असतं.

कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि मग आमच्याकडे येतं. किती तासांत, ते दरवेळी वेगळं. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिलाही पूर असेल तर इथलं पाणी लवकर उतरत नाही. म्हणून पुराच्या दिवसांत सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ अशी तीनदा पातळी लिहा, शेजारी कोयनेचा विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, लिहा, आणि विसर्ग वाढल्यावर आयर्विनला फरक कधी दिसला ते उजव्या पानावर. दोन पावसाळ्यांत तुमच्या हाताशी तुमच्या गल्लीपुरतं असं ज्ञान येतं की शेजारी विचारायला येतात.

पाऊस मोजायला यंत्र लागत नाही. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा आणि पट्टी पुरते. बाटली कापून करतात, पण तिचं बूड खाचांचं असतं, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर हमखास चुकतात. डबा गच्चीवर मोकळ्यात ठेवा, कठड्याच्या आडोशाला नको. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन विटांमध्ये बसवा. सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. साडेआठच का, तर हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतं, मग आपला आकडा पेपरातल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. पेपरात ‘मुसळधार’ हा शब्द वाटेल तिथे पडतो, पण खात्याची मापं ठरलेली आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६पासून अति जोरदार, २०४.५ आणि त्यावर अत्यंत जोरदार. आपल्या डब्यात ३० मिलिमीटर आणि पेपरात ८० असेल तर दोघंही बरोबर असू शकतात. पावसाळी ढग कितीदा तरी मिरजेत ओततो आणि सांगलीला नुसती भुरभुर ठेवतो.

सासूबाई तारखेशेजारी नक्षत्र लिहायला लावतात आणि मी आनंदाने लिहिते. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. ‘तरणा कोरडा गेला, म्हाताऱ्याने झोडपलं’ हे त्यांचं वाक्य दोन वर्षांच्या आकड्यांनी जसंच्या तसं खरं ठरलं आणि एका वर्षी साफ उलटं झालं. दोन्ही वहीत आहे, आणि उलटं झालेलं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

घरातली नोंद म्हणाल तर माझा सर्वांत आवडता भाग विजेच्या मीटरचा. दर रविवारी सकाळी मीटरवरचा केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा आकडा लिहा. पडद्यावर आकडे आळीपाळीने बदलत असतात, त्यात नेमका तोच धरा. या रविवारच्या आकड्यातून मागच्या रविवारचा वजा केला की आठवड्याचे युनिट मिळतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३००ला त्याहून चढा, अशी पायरी असते. आपण महिन्याच्या मध्यावर कुठे आहोत हे माहीत असलेलं बरं, बिल आल्यावर कळून उपयोग नसतो.

पण खरी मजा त्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यात आहे. मीटरवर बारीक अक्षरात ‘३२०० इम्पल्स’ असं काहीतरी छापलेलं असतं. तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो. अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. यावरून घरातली कुठली वस्तू किती वीज खाते ते घड्याळाने काढता येतं. छत्तीस लाखांना त्या छापील आकड्याने भागा. ३२०० असेल तर ११२५ येतात. आता दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजा आणि ११२५ला त्या सेकंदांनी भागा. आलेले वॅट. एका रात्री आम्ही दिवे, पंखे बंद केले, फ्रिजचंही बटण बंद केलं, आणि मुलगी फोनचं घड्याळ घेऊन मीटरसमोर उभी राहिली. दिवा तरी लुकलुकतच होता, ४५ सेकंदांनी एकदा. म्हणजे २५ वॅट. शोधलं तर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि इंटरनेटचा राउटर. पंचवीस वॅट दिवसरात्र चालले तर महिन्याला १८ युनिट होतात. टीव्ही रिमोटने बंद केला म्हणजे बंद झाला असं घरात सगळेच धरून चालले होते. आता भिंतीवरचं बटण बंद होतं, आणि ते बंद झालं की नाही यावर सासूबाईंची नजर असते.

गिझरसारख्या मोठ्या वस्तूला दिवा इतका भरभर लुकलुकतो की एकेक मोजता येत नाही. तिथे वीस लुकलुकी मोजा आणि लागलेल्या सेकंदांना विसाने भागा. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, हे मात्र मोजल्याशिवायही लक्षात ठेवावं. आणि फ्रिजचं मोजायचं तर एकदा मोजून भागत नाही. त्याचा काँप्रेसर चालू-बंद होत असतो, त्यामुळे घरात दुसरं काही चालू नसताना दोन तासांचा मीटरचा फरक बघावा लागतो. उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा बघितलंत तर आकडे बरेच वेगळे दिसतील.

सिलिंडरचं थोडक्यात. आला ती तारीख आणि लावला ती तारीख लिहा. गॅस १४.२ किलो असतो, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर यायला हवी. काटा लावायला सांगा, संकोच करू नका. तिथेच इंग्रजी ए, बी, सी, डीपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ती चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि पुढे तीन-तीन महिन्यांनी सरकत डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही.

भाव लिहायचे ते ठरावीक दहा-बारा वस्तूंचेच, आणि वजनासकट. साबणाची किंमत तीच राहून वडी हातात हलकी लागायला लागते, ते वजन लिहिलेलं असलं तरच पकडता येतं. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ टक्क्यांवरून ५वर आले. पुष्कळांना वाटलं की १३ टक्के स्वस्ताई होणार. हिशेब करा: १०० रुपयांच्या वस्तूवर १८ कर म्हणजे ११८, आता १०५. ११८मधून १३ गेले, म्हणजे साधारण ११ टक्के. ऑगस्टातले भाव माझ्या डाव्या पानावर होते, ऑक्टोबरात उजव्या पानावर नवे लिहिले. कुठे पुरते ११ टक्के उतरलेत आणि कुठे नाहीत, ते मग दुकानात उभं राहून शांतपणे विचारता येतं.

क्रिकेट वहीत कशाला, असं यांचं म्हणणं होतं. स्मृती मानधना सांगलीच्या मैदानांवर वाढलेली, विजय हजारे तर जन्माने सांगलीचे. या गावात ते कसं टळेल? शिवाय सामना लिहीत बघणं म्हणजे तो पुरता बघणं. पूर्ण स्कोअरबुक मांडायची गरज नाही. एका षटकाला एक ओळ: षटकाचा क्रमांक, गोलंदाज, सहा चेंडूंच्या सहा खुणा, शेवटी एकूण धावा. निर्धाव चेंडूला टिंब, धावांना आकडा, विकेटला डब्ल्यू, वाइडला अधिकचं चिन्ह, नो-बॉलभोवती गोल, बायला त्रिकोण. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या नावावर चढतात, बाय आणि लेगबाय चढत नाहीत. डाव संपला की दोन बेरजा करा. फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय. दोन्ही बेरजा संघाच्या धावसंख्येएवढ्या आल्या तर लिहिणं बरोबर.

ओळीच्या शेवटी दोन बोटं जागा सोडा, पडद्यावरच्या आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टीसाठी. २ नोव्हेंबर २०२५ची नवी मुंबईतली महिला विश्वचषकाची अंतिम लढत आम्ही अशीच लिहिली. पावसामुळे खेळ पाचच्या सुमाराला सुरू झाला, भारताच्या ७ बाद २९८, शफाली वर्माच्या ८७. मग दक्षिण आफ्रिकेची जोडी जमली असताना कर्णधार हरमनप्रीतने चेंडू शफालीच्या हातात दिला. मुलीने त्या ओळीपुढे लिहिलं, ‘हिला का?’ पुढच्या काही मिनिटांत लूस गेली, काप गेली, आणि तिने समोरच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात उत्तर लिहिलं. शेवटी दीप्तीच्या ५ विकेट, आफ्रिका २४६, आपण ५२ धावांनी जिंकलो. आकडे कुठेही मिळतील. तो ‘हिला का?’ आमच्याच वहीत आहे, आणि त्या क्षणी मैदानात काय पणाला लागलं होतं ते त्या दोन शब्दांनी मला पुन्हा दिसतं. ज्याला कबड्डी आवडते त्याने चढाया लिहाव्यात, ज्याला कुस्ती आवडते त्याने डाव. लिहिण्याची पद्धत तीच.

बातम्यांसाठी माझा एक नियम कडक आहे. जिच्यात तारीख आणि ठिकाण नाही ती वहीत येत नाही. फोनवर फिरणाऱ्या निम्म्या गोष्टी इथेच गळतात. दुसरं म्हणजे, आश्वासनं जरूर लिहा. ‘पूल मार्चअखेर खुला होणार’, ‘पाणी रोज येणार’, ‘भरती तीन महिन्यांत’. वायदा जिथे लिहिला त्या पानाचा कोपरा दुमडा. तारीख आली की उजव्या पानावर एक ओळ: झालं, नाही झालं, अर्धवट. यात कुणावर राग काढायचा नाही. झालेलंही तितक्याच ठळकपणे लिहायचं, नाहीतर वही तक्रारवही होते. नगरसेवकाकडे जाताना गल्लीतल्या बायका आता आमची वही मागतात, कारण तारखेनिशी बोललं की समोरचा ऐकून घेतो.

फोन आणि यंत्रांबद्दल फार नको. रिचार्जची तारीख लिहा. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा होतो. वस्तू घेतली की बिलावरची तारीख, नंबर आणि वॉरंटी त्याच दिवशी उतरवा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक पुठ्ठ्यावर ठळक लिहा, घरातल्या वडीलधाऱ्यांना दिसेल असा. पासवर्ड, पिन, खाते क्रमांक या वहीत कधीही नाहीत. ही वही पाहुणेही चाळतात.

रविवारी चहाच्या वेळी आठवड्याची पानं कुणीतरी एकाने मोठ्याने वाचावीत. आमच्याकडे पाळी असते. वाचताना उजव्या पानावरचं काय भरायचं राहिलंय ते आपसूक निघतं. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांची पाळी आली की मुलगी वाचते, आणि राहिलेलं त्या सांगतील तसं लिहिते.

वही भरली की नवीच्या पहिल्या दोन पानांवर कायमचे आकडे उतरवून घ्या: पातळीचं पान, मीटरचा भागाकार, सिलिंडर किती दिवस पुरतो, दुमडलेल्या कोपऱ्यांतले अजून न आलेले वायदे. जुनीच्या पुठ्ठ्यावर कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत ते लिहा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाका. पलंगाखालच्या पेटीत नको, निदान आमच्या गावात तरी नको.